इम्पाला नावाचा माणूस

माझ्या वडिलांना कारखान्यावर कुणीच नावानं हाक मारत नसे. त्यांना इम्पाला म्हणत. कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात चेअरमनसाहेबांची मीटिंग संपली की शिपाई व्हरांड्यात येऊन 'इम्पाला' असा पुकारा करायचा, आणि लिंबाच्या सावलीत बसलेले माझे वडील तोंडातला तंबाखू थुंकून, टोपी सरळ करून उठायचे. त्यांच्या शेजारी फेअरलेन बसलेला असायचा, मिरजेच्या एका डॉक्टरांचा. पलीकडे बेल एअर, जयसिंगपूरच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा. ड्रायव्हर लोकांची ती रीतच होती. साहेबांचं नाव आपण घ्यायचं नाही, आपलं नाव कुणी विचारत नाही, मग उरली ती गाडी. आमच्या घरात आई सहज सांगायची, फेअरलेनच्या थोरलीचं जमलं, बेल एअरचं पोट बिघडलंय. शाळेत मी इम्पालाची पोरगी होते आणि त्याचा मला केवढा तोरा होता.

हे आज मी बेधडक लिहिते आहे. मधली पंधरा-सोळा वर्षं मी ते लपवलं. कुणी लपवायला सांगितलं नव्हतं. माझं मीच लपवलं. दुसऱ्याकडे एक बोट दाखवलं की तीन आपल्याकडे वळतात म्हणतात, ते या गोष्टीपुरतं तरी अगदी खरं आहे.

ती गाडी मुंबईच्या कुणा सिनेमावाल्याकडून कारखान्यात आली होती. मोतिया रंगाची, लांबलचक, स्टीअरिंग डावीकडे. मागच्या बाजूला लाल अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवून घेतलेलं. उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायचं तर डावीकडे बसलेल्या माणसाला समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे अण्णा, म्हणजे माझे वडील, मान वाकडी करून गाडी चालवायचे. ती मान पुढे कायमची थोडी वाकडीच राहिली. सतरा वर्षं त्यांनी ती गाडी चालवली आणि एक ओरखडा येऊ दिला नाही.

रोज पहाटे गाडी पुसताना बाजूच्या पत्र्यावर उडी मारणारं एक चकचकीत हरीण त्यांच्या फडक्याखाली यायचं. ज्या नावानं लोक आपल्याला हाक मारतात त्याचा अर्थ आपल्याला माहीत नको का, असं त्यांना एक दिवस वाटलं. ते हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांना सांगता येईना. मग अण्णांनी सांगलीच्या बाजारातून एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. सातवी शिकलेल्या माणसानं. आमच्या घरातलं ते पहिलं विकतचं पुस्तक. इम्पाला म्हणजे आफ्रिकेतलं एक हरीण, हे त्यांनी आईला इतक्या वेळा ऐकवलं की ती म्हणाली, कळलं, आता हरणानं जेवून घ्यावं.

त्यानंतर कारखान्यावर येईल त्या गाडीचं नाव ते विचारायचे आणि कारखान्याच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर अर्थ लिहायचे. त्यातले निम्मे चुकीचे होते. फेअर म्हणजे जत्रा, लेन म्हणजे गल्ली, तेव्हा फेअरलेन म्हणजे जत्रेची गल्ली. मिरजेचा ड्रायव्हर यावर बेहद्द खूश झाला. बेल एअरचा अर्थ 'घंटेची हवा' निघाला तेव्हा जयसिंगपूरच्या ड्रायव्हरनं आठवडाभर अबोला धरला. एकदा कोल्हापूरला शूटिंगसाठी आलेल्या कुणाची थंडरबर्ड चहापाण्याला कारखान्यावर थांबली होती. गडगडाटी पक्षी, असं त्यांनी तिच्यापुढे लिहून ठेवलंय. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले ते त्या शब्दकोशापायी. आणि ज्या वर्षी एम.ए.ला पुण्यात आले त्याच वर्षी मी अण्णांना नाकारलं.

होस्टेलवर पहिल्या संध्याकाळी ओळखी चालल्या होत्या. एकीचे वडील बँकेत, एकीचे प्रोफेसर, एकीचे इरिगेशनमध्ये इंजिनियर. माझ्यावर आल्यावर मी म्हटलं, साखर कारखान्यात असतात. ऑफिसर का, असं एकीनं विचारलं आणि मी पाणी प्यायला उठले. एवढंच. पण ते वाक्य मग माझ्या तोंडात बसलं. कॉलेजात शिकवायला लागल्यावर स्टाफरूममध्ये तेच, लग्नाच्या बोलण्यांत तेच. नवऱ्याला मी दुसऱ्याच भेटीत खरं सांगितलं होतं, आणि त्याला काही वाटलं नाही. तो मनाचा वाईट नाही, कॉम्प्युटरवाला, पुण्याचा, सरळ माणूस. सासूबाई मात्र म्हणाल्या की आपण बाहेर सांगताना कारखान्यात होते म्हणू. मीच ते वाक्य आधीपासून वापरते हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. माझ्या लग्नात अण्णा नवा सदरा घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते, आणि पाहुणे त्यांना विचारत होते, यंदा रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, किती. अण्णा 'बरी आहे' म्हणत होते.

२०१२ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समधल्या हार्लेमला आलो. त्याचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, मी त्याच्या व्हिसावर आलेली डिपेंडंट. कागदावर मला कामाची परवानगी होती, पण डच न येणारी इंग्रजीची मास्तरीण इथे कुणाला हवी होती? मी लायब्ररीतल्या डच वर्गाला जायला लागले. तिसऱ्या-चौथ्या तासाला बाईंनी आपापल्या वडिलांविषयी तीन वाक्यं बोलायला लावली. एरिट्रियाचा एक माणूस उठून म्हणाला, माझे वडील शेळ्या राखत, त्यांच्याकडे साठ शेळ्या होत्या, त्यांना प्रत्येक शेळी माहीत होती. तीन वाक्यं, आणि काय थाटात. माझी पाळी आली. त्या खोलीत माझं गाव कुणाला ठाऊक नव्हतं, कारखाना कुणी पाहिला नव्हता, ड्रायव्हर आणि ऑफिसर यांत कुणाला काडीचा फरक पडणार नव्हता. तरी माझ्या तोंडून डचमध्ये तेच वाक्य आलं: माझे वडील साखर कारखान्यात काम करत.

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मला स्वतःचा जो संताप आला तसा त्याआधी कधी आला नव्हता.

त्याच बाईंनी सांगितलं की जिथे डच बोलावं लागेल असं काही काम धर. लायब्ररीच्या फळ्यावर एक चिठ्ठी होती: जुन्या अमेरिकन गाड्यांच्या हॉलमध्ये माहितीची कार्डं लिहायला कुणीतरी हवं, आठवड्यातून तीन सकाळी. मी सायकल हाणत गावाबाहेर गेले. हॉल म्हणजे पूर्वीची ट्यूलिपच्या कंदांची वखार. मालक सत्तरीचे, ताडमाड, एका कानानं कमी ऐकणारे. आयुष्यभर कंद विकले आणि मिळालं ते सगळं या गाड्यांत घातलं. तेवीस गाड्या होत्या. अमेरिकन गाड्यांतलं तुला काय कळतं, असं त्यांनी इथल्या पद्धतीप्रमाणे सरळ तोंडावर विचारलं. मी आत पाहिलं. तिसऱ्या रांगेत फेअरलेन उभी होती, आणि मला गाडी नाही, एका कानात बाळी घालणारा मिरजेचा माणूस आठवला. मी म्हटलं, यांतल्या तिघांना मी लहानपणापासून ओळखते.

कार्डावर गाडीचं वर्ष, इंजिन आणि खाली तिच्या नावाचा अर्थ असायचा. लोकांना तेच वाचायला आवडतं, मालक म्हणायचे. पण त्यांचा एक नियम होता आणि तो ते देवाच्या आज्ञेसारखा पाळायचे. अर्थ दोन ठिकाणी सापडला तर कार्डावर जाईल. एकाच ठिकाणी सापडला तर तो कॉफीबरोबर सांगायचा. त्यांच्याकडे भिंतभर पुस्तकं आणि जुनी मासिकं होती. मी शब्दकोश घेऊन बसलेल्या बापाची मुलगी, मला ते काम म्हणजे दसरा-दिवाळीच.

काय काय सापडलं. मस्टँग हा शब्द ज्या स्पॅनिश शब्दावरून आला त्याचा अर्थ बेवारस, कळपातून भटकलेलं जनावर. जहाजांतून अमेरिकेत आणलेले घोडे सुटले, रानात गेले आणि तिथलेच झाले. लोक त्यांना आता तिथला मूळचा घोडा समजतात. थंडरबर्ड हा तिथल्या आदिवासींचा पंख झडझडून पाऊस आणणारा पक्षी. ज्यांची जमीन घेतली त्यांचाच देव पत्र्यावर लावून विकायचा, याला काय म्हणावं? ते मी कार्डावर लिहिलं नाही, पण मालकांना ऐकवलं. ते म्हणाले, आमच्या जहाजांनी तुमच्याकडून मिरी नेली तेव्हा निदान त्या जहाजांना तुमच्या देवांची नावं तरी दिली नाहीत. एल्डोराडो म्हणजे सोन्यानं माखलेला राजा, आणि ते नाव कंपनीतल्या स्पर्धेत ऑफिसमधल्या एका सेक्रेटरीबाईनं सुचवलं होतं. पुस्तकांत त्या बाईला एक ओळ होती, गाडीच्या मागे उंचावलेल्या पत्र्याच्या पंखांना चार पानं. बेल एअर हा लॉस एंजेलिसमधल्या श्रीमंतांचा मोहल्ला. टोरोनाडोला तर अर्थच नाही. कानाला बरं लागतं म्हणून कुणीतरी जुळवलेला शब्द.

आणि फेअरलेन. हे नाव कंपनीच्या मालकाच्या आलिशान वाड्याचं. पण त्या वाड्याला ते मिळालं होतं आयर्लंडमधल्या एका गल्लीवरून, जिथून त्यांचे वाडवडील पोटासाठी बाहेर पडले होते. म्हणजे जगातल्या एवढ्या श्रीमंत माणसानं दारावर काय लावलं, तर आपल्या गरीब गल्लीचं नाव. मी ते दोन पुस्तकांत पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. मग कार्ड लिहायचं सोडून नुसतीच बसले.

दर रविवारी फोनवर मी अण्णांना हे अर्थ सांगायचे आणि ते डायरी काढून दुरुस्त करायचे. फेअरलेनचं ऐकून म्हणाले, "म्हंजे गल्ली हाय. तेवढं माझं बरोबर व्हतं." मिरजेचा ड्रायव्हर चार वर्षांपूर्वी वारला, तो जत्रेची गल्ली समजूनच गेला, याची त्यांना हळहळ वाटली. टोरोनाडोला अर्थ नाही हे मात्र त्यांना पटेना. अर्थ नाही तर माणसानं ओ कशाला द्यायची, असं त्यांचं म्हणणं.

आई गेल्यावर, २०१४च्या मे महिन्यात, अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांच्या व्हिसासाठी गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, हमीपत्रावर शिक्का घ्यायचा होता. एका अर्जात पाहुण्याचा व्यवसाय विचारला होता. नवऱ्यानं 'निवृत्त' लिहिलं. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. अण्णांना विमानाची, ट्यूलिपची, कालव्यांची कसलीही हौस नव्हती. त्या गाड्या दाखव, एवढंच म्हणत आले.

दाखवल्या. पहिल्या दिवशी हॉलमध्ये शिरल्यावर ते इम्पालापाशी गेले आणि चपला काढून उभे राहिले. ही निळी होती आणि वर्षही दुसरं, पण हरीण तेच. खिशातून रुमाल काढून त्यांनी हरीण पुसलं. मालक लांबून पाहत होते. त्यांनी मला विचारलं की तुझ्या वडिलांकडे अशी गाडी होती का. मी म्हटलं, होती. घ्या. अजूनही माझं लपवणं चालूच होतं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी हॉलचा खुला दिवस असायचा. गाड्या पटांगणात रांगेनं लावायच्या, गावातली माणसं येणार, कॉफी आणि सफरचंदाचा केक. नवऱ्याला माझ्या कामाचा अभिमान होता, म्हणून त्यानं आमच्या मराठी मंडळातली तीन कुटुंबं आणि ऑफिसातला आपला वरिष्ठ यांना बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर भांडी आवरताना तो हळूच म्हणाला, "अण्णांना सांगशील का, उद्या गाड्यांबद्दल फार बोलू नका म्हणून? मंडळातली माणसं आहेत. उगाच कुणीतरी खोदून विचारेल."

मी त्याला नको नको ते बोलले. तुला लाज वाटते, तुमच्या घराण्यात कुणी काय दिवे लावलेत ते मला माहीत आहे, असं सगळं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला की वाक्य तर तुझंच आहे. त्यावर मी आणखीच आवाज चढवला. अण्णा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. गॅलरीचं दार उघडं होतं. आत आल्यावर ते एवढंच म्हणाले की उद्यासाठी पांढरा सदरा इस्त्री कर आणि टोपी कुठं आहे ते बघ.

रात्रभर मी एक बेत रचला आणि तो मला फार थोर वाटला. उद्या सगळ्यांच्या देखत मी इम्पालाचं मागचं दार उघडणार, अण्णांना मागच्या सीटवर साहेबासारखं बसवणार आणि स्वतः गाडी चालवून पटांगणाला फेरी मारणार. माझं लायसन्स इथलं बदलून मिळालेलं होतं, हॉलमधल्या गाड्या पुढेमागे करायला मालकांनीच मला शिकवलं होतं. सकाळी लवकर जाऊन मी त्यांची परवानगी घेतली. ज्या माणसानं सतरा वर्षं दुसऱ्यासाठी ते दार उघडलं, त्याच्यासाठी आज त्याची मुलगी उघडेल. बघू दे मंडळाला. बघू दे नवऱ्याला.

अकराच्या सुमारास पटांगण भरलं. मंडळातली माणसं आली, बायका गाड्यांपुढे उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या, मुलं आपापसांत डच बोलत रांगेतून पळत होती. अण्णा पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून इम्पालाच्या पुढच्या चाकापाशी उभे होते. हात मागे बांधलेले, मान किंचित वाकडी. ड्रायव्हर गाडीपाशी उभा राहतो तसे. ते बघून मला भडभडून आलं आणि राग पण आला. मी पुढे गेले, मागचं दार पूर्ण उघडलं आणि मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, बसा."

आसपासची माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी उघड्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते कौतुक नव्हतं.

"दार लाव," ते म्हणाले.

मला वाटलं, संकोचताहेत. मी पुन्हा म्हटलं की बसा हो, आज तुम्ही साहेब, आज मी चालवणार.

"साहेब कशाला?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतका होता. "सतरा वर्षं मागं बसलेल्या माणसाला मी एकदा विचारलं व्हतं, साहेब, इम्पाला म्हंजे काय वो. म्हणाले, गाडी. त्यास्नी म्हाईत नव्हतं. मला म्हाईत व्हतं. मग मी कशाला मागं बसू? तुला बी असंच वाटतं व्हय, की मागं बसल्यावर माणूस मोठा हुतो?"

दाराच्या मुठीवरचा माझा हात तसाच राहिला. नवऱ्याचा संताप करत मी रात्रभर जागले होते आणि माझ्या थोर बेतात तीच लाज वेगळा सदरा घालून बसली होती. अण्णांना मान द्यायचा तर त्यांना ड्रायव्हरपणातून बाहेर काढलं पाहिजे, असं मी धरून चालले होते. अशी चूक ड्रायव्हरच्या मुलीलाच सुचू शकते. मी दार लावलं.

मंडळातले एक गृहस्थ जवळ उभे होते. त्यांनी अगदी सौजन्यानं विचारलं की काका, म्हणजे तुम्ही कारखान्यात नक्की कुठे होता. नवरा दोन पावलांवर होता. मला त्याच्याकडे बघवेना.

"चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हर," अण्णा म्हणाले. "इम्पाला म्हणायचे मला."

मालक एव्हाना आपला चांगला कान पुढे करून आले होते. काय चाललंय, हे म्हातारे काय सांगताहेत, असं त्यांनी मला डचमध्ये विचारलं. पटांगणातले निम्मे लोक डच समजणारे, उरलेले मराठी समजणारे, आणि मधे मी. लायब्ररीतल्या वर्गात जी तीन वाक्यं मला बोलायची होती ती मी त्या दिवशी बोलले. माझे वडील ड्रायव्हर होते. त्यांनी सतरा वर्षं इम्पाला चालवली. त्यांना तिच्या नावाचा अर्थ माहीत होता. मग मी वळले आणि तेच मराठीत, मंडळाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.  त्या गृहस्थांच्या बायकोनं हळूच सांगितलं की तिचे आजोबा एस.टी.वर होते. मी म्हटलं, मग सांगत जा की. जरा जास्तच फटकळपणे म्हटलं, पण परत घेणार नाही.

मालकांनी खिशातून किल्ली काढून अण्णांच्या हातावर ठेवली. रस्त्यावर नाही, फक्त पटांगणात, आणि सावकाश, असं बजावलं. ते मी भाषांतर करून सांगितलं. अण्णांनी आधी बॉनेट उघडून तेल पाहिलं, चारही चाकांवर टाच मारून पाहिली, मग डावीकडे बसले. गाडी सुरू झाली आणि त्यांनी पटांगणाची एक फेरी मारली, अशी हलकी की बॉनेटवरचा चहाचा कप हिंदकळला नसता. या देशात गाड्या उजव्या बाजूनं चालतात. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बाजूनं समोरचं सगळं दिसत होतं. तरी मान वाकडीच होती.

फेरी पुरी करून त्यांनी गाडी बरोबर माझ्या नवऱ्यापुढे आणून थांबवली. उतरले, वळसा घालून आले आणि मागचं दार उघडून उभे राहिले.

"बसा, जावईबापू," म्हणाले. चेहरा एकदम गंभीर. मिश्कीलपणा डोळ्यांत होता, पण तो फक्त मला आणि कदाचित फेअरलेनवाल्याला कळला असता.

नवऱ्याच्या मागे त्याचा वरिष्ठ उभा होता, मंडळ उभं होतं. त्याचे कान लाल झाले. क्षणभर मला वाटलं हा बसतोय की काय, आणि बसला असता तर आमचा संसार कसा चालला असता मला माहीत नाही. त्यानं मागचं दार लावलं. पुढचं उघडलं आणि मला म्हणाला, "मधे सरक."

इम्पालाची पुढची सीट अखंड बाकासारखी असते. तिघं आरामात बसतात. अण्णा चालवत होते, मधे मी, कडेला नवरा, आणि आम्ही आणखी दोन फेऱ्या मारल्या. मागे कुणीच नव्हतं. दुसऱ्या फेरीला नवऱ्यानं अण्णांना विचारलं की या गाडीला गिअर कुठे असतात, आणि अण्णांनी त्याला ते असं समजावलं की तो पुन्हा विचारणार नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी इम्पालाचं कार्ड स्टँडवरून काढलं. वर छापलं होतं: आफ्रिकेतलं चपळ हरीण, मूळ शब्द झुलू भाषेतला. दोन पुस्तकांतून पडताळलेलं. त्याच्या खाली मी पेननं डचमध्ये एक ओळ लिहिली: कृष्णा नदीच्या काठी हे एका माणसाचं नाव होतं. तो अशीच गाडी चालवायचा. आणि कार्ड परत लावलं.

मालक कॉफीचा कप घेऊन आले आणि डोळे बारीक करून वाचायला लागले. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळले. नियम म्हणजे नियम. हे कुठल्या पुस्तकात आहे, त्यांनी विचारलं.

मी अण्णांकडे बोट दाखवलं. ते फेअरलेनच्या चाकापाशी बसून केक खात होते.

"तो एक झाला," मालक म्हणाले. "दुसरा?"

"दुसरी मी," मी म्हटलं.

त्यांनी कॉफी संपवली आणि कार्ड तिथेच राहू दिलं.